शेजारच्या फोनवरची उत्तरं

खरं काम करणाऱ्या एका मुलीला मी खोटी ठरवलं. हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी मनातल्या मनात अनेक तऱ्हांनी मांडून पाहिलं आहे. ‘तेव्हाच्या पद्धतीत तसं झालं’ म्हटलं की जरा बरं वाटतं. ‘कार्यालयाने निर्णय घेतला’ म्हटलं की आणखी बरं वाटतं. पण ती पद्धत मीच आणली होती, आणि जळगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात निर्णय घेणारा माणूसही मीच होतो. म्हणून सरळ लिहितो.

माझं काम पाहणीचं. पुण्याची एक संस्था होती, तिच्यासाठी मी खानदेशातली कामं बघायचो. लोक कुठला साबण वापरतात, कुठलं वर्तमानपत्र वाचतात, नळाला पाणी किती वेळ येतं, मुलींना कितवीपर्यंत शिकवतात, असे प्रश्न छापून यायचे. आम्ही घरोघर जाऊन ते विचारायचे, उत्तरं फॉर्मवर लिहायची आणि गठ्ठे बांधून पाठवून द्यायचे. लोक म्हणत, यात काय एवढं? विचारायचं आणि लिहायचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. उत्तर हे झाडावरच्या फळासारखं तयारच लटकत असतं, आपण फक्त हात वर करायचा, अशी माझी समजूत होती.

ती समजूत पहिल्यांदा हलवली ती एदलाबादजवळच्या एका केळीवाल्या नानांनी. मुक्ताईनगर हे नाव तेव्हा लोकांच्या तोंडी बसलेलं नव्हतं. चैत्राचं ऊन होतं. मी सायकल ढकलत त्यांच्या बागेत शिरलो आणि एकदम दुसऱ्याच जगात आल्यासारखं झालं. बाहेर सगळं पांढरं, भाजून निघालेलं आणि आत हिरवा अंधार. पाटाचं पाणी कुठेतरी अगदी हळू वाहत होतं, मोठाली पानं एकमेकांना घासून झोपेत कूस बदलल्यासारखा आवाज करत होती. नानांनी खाट टाकली, पाणी दिलं, केळी दिली. मग म्हणाले, “हं, विचार आता.”

रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकता का, आवडतो का, उपयोगी वाटतो का, असे प्रश्न होते. नाना प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होते. ऐकतो. लय आवडते. लय उपयोगी हाये. मी भराभर लिहीत गेलो. शेवटचा प्रश्न होता, रेडिओ कोणत्या कंपनीचा.

“रेडिओ?” नाना म्हणाले. “रेडिओ कुठी हाये? दोन साल झाले, पडला तो विहिरीत.”

“मग नाना, कार्यक्रम ऐकता म्हणालात ते?”

“अरे बाप्पा, इतक्या उन्हाचा तू आला. तोंड कसं वाळून गेलं तुझं. तुले नाही म्हणू का मी?”

मी हसलो, तेही हसले. जाताना त्यांनी माझ्या सायकलला केळीची एक फणी बांधली. परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की नानांनी दिलेली सगळी उत्तरं त्या केळीच्या फणीसारखीच होती. पाहुण्याला दिलेली. मी खाटेवर बसलो नसतो, घामाघूम नसतो, तर उत्तरं वेगळी आली असती. विचारणारा कोण, कुठे उभा राहून विचारतो, ऐकायला आणखी कोण आहे, यावर उत्तर उगवतं. हे मला त्या दिवशी कळलं. आणि वाईट याचंच वाटतं की कळूनसुद्धा, गरज होती तेव्हा ते मला आठवलं नाही.

पुढे कार्यालयात फोन आला. काळा, जड, तबकडीचा. नव्वदच्या आगेमागे संस्थेने ठरवलं की काही पाहण्या फोनवरून करून बघायच्या. जळगावात तेव्हा फोन म्हणजे सराफ, डाळ मिलवाले, डॉक्टर, वकील, मोठे दुकानदार. डिरेक्टरी हातात धरली की फोन असलेलं जळगाव केवढंसं आहे ते दिसायचं. तेवढ्यालाच विचारायचं आणि ‘जळगाव असं म्हणतं’ लिहून पाठवायचं. मला ते खटकलं होतं, पण फार नाही. कारण मला तो फोन आवडू लागला होता.

दुपारी दोननंतर जळगाव झोपलेलं असे. रस्त्यावर रिक्षासुद्धा नसे. मी खिडकीला वाळ्याचा पडदा लावायचो, त्यावर पाणी मारायचो आणि ओलसर वासाच्या त्या अंधारात बसून नंबर फिरवायचो. तारेतून आधी एक लांबची गुणगुण यायची. मग एखादा आवाज त्या गुणगुणीतून वर यायचा, जसा डोहातून मासा वर यावा. चेहरा नाही, घर नाही, नुसता आवाज. मी त्या आवाजाभोवती घर बांधायचो. मागे झोपाळ्याच्या कड्या वाजल्या की झोपाळा टांगायचो, कुकरची शिट्टी आली की स्वयंपाकघर डाव्या हाताला ठेवायचो. कधी कधी प्रश्न विचारायचं विसरून मी नुसता ऐकत राहायचो.

एक अक्का होत्या, सराफ बाजारातल्या. त्यांचे यजमान गेलेले होते, मुलं दुकानात. साबणाची पाहणी होती. वीस मिनिटांत संपली.

“झाले प्रश्न?” त्या म्हणाल्या.

“झाले अक्का.”

“आणखी नाहीत?”

“नाहीत.”

“असू द्या. उद्या तेलाचे विचारा.”

दुसरे एक मारवाडी शेठजी होते, धान्याचे व्यापारी, फार मिश्कील. त्यांना मी दंतमंजनांची पाच नावं वाचून दाखवली आणि विचारलं, यातलं कोणतं चांगलं?

“आखिरमध्ये काय बोललात?”

मी शेवटचं नाव पुन्हा सांगितलं.

“हां, तेच लिहा. आधीची चार तर आपण ऐकलीच नाही, गिऱ्हाईक होतं समोर.”

त्यांच्यामुळे मला एक गोष्ट दिसली. दारात जाऊन छापील कार्ड हातात दिलं तर लोक वरच्या नावांपैकी एखादं निवडत. फोनवर मात्र शेवटचं कानात राहिलेलं निवडत. मी पुण्याला पत्र लिहिलं की फोनवर नावांचा क्रम दर वेळी बदलून वाचू द्या. साहेबांनी शाबासकीचं उत्तर पाठवलं. ते पत्र मी घडी घालून खिशात ठेवत असे. आपल्याला फोनची नस सापडली आहे, असं मला वाटू लागलं. अपराध करायला माणूस तयार होतो तो अशाच दिवसांत.

आमच्याकडे तेव्हा सिंधू बोरसे नावाची मुलगी कामाला होती. धुळ्याची, देवपुरातली. जळगावला मावशीकडे राहायची. बी.ए. झालेली, उंच, सावळी, खांद्याला कापडी पिशवी. बोलायची कमी. पण दुसऱ्याला बोलतं करण्याची तिची हातोटी अशी की मी तिच्याबरोबर दोनदा फिरलो आणि दोन्ही वेळा मला बाजूला उभं राहावं लागलं. “भाऊ, तुम्ही त्या लिंबाखाली थांबा,” ती म्हणायची, “तुम्ही असलात की बाया तुम्हालाच उत्तर देतात.”

म्हणजे काय, ते दुरून दिसायचं. ती ओट्यावर बाईच्या शेजारी बसायची, समोर नाही. सूप घेऊन तांदूळ निवडू लागायची. सासू घरात असली तर नुसत्या साबणाच्या गप्पा. सासू पिठाच्या गिरणीकडे निघाली की मग फॉर्म पिशवीतून बाहेर. घाई नाही. एखाद्या ओट्यावर ती तीन वेळा जाऊन यायची आणि चौथ्यांदा फॉर्म भरायची. मी तिला एकदा म्हटलं, “सिंधू, एवढ्या वेळात बाकीचे पाच फॉर्म आणतात.”

“आणतात ना भाऊ,” ती म्हणाली. “पण ते सासूबाईंचे असतात. नाव फक्त सुनेचं.”

त्या वर्षी बायकांच्या आरोग्याची पाहणी आली. आजारी पडल्यावर दवाखान्यात जायला कोणाला विचारावं लागतं, शेवटी कोण जेवतं, घरात कोणी हात उगारतं का, असे प्रश्न होते. अवघड. ज्या वस्त्यांमधून जास्त त्रास कळेल तिथे बायकांसाठी आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई बसवायच्या, असं ज्यांच्यासाठी पाहणी होती त्यांचं ठरलं होतं. सिंधूने डाळ मिलच्या मागच्या वस्तीतले फॉर्म आणले. मार, उपाशी राहणं, दवाखान्यासाठी परवानगी, सगळं त्यांत होतं. चांगली खातीपिती दिसणारी घरं, आणि आत हे.

आता पडताळणीबद्दल सांगायला हवं. पाहणीच्या धंद्यात एक जुना रोग आहे. उन्हात फिरायचा कंटाळा आला की काही जण झाडाखाली बसून स्वतःच फॉर्म भरतात. म्हणून आलेल्या फॉर्मांपैकी काही घरी पुन्हा जाऊन विचारायचं, आमची माणसं आली होती का, आणि चार प्रश्न परत विचारून उत्तरं जुळतात का पाहायचं, असा नियम. आधी हे मी पायी करायचो. त्या वर्षी मी म्हटलं, फोन आहे की. फॉर्मवर फोन नंबरासाठी रकाना होता. ज्यांचे नंबर आहेत त्यांची पडताळणी फोनवरून करू. पुण्याचे साहेब खूष झाले.

सिंधूचे फॉर्म मी त्या ओलसर अंधारात बसून तपासले. नंबर फिरवला, गुणगुण आली, मग कोणीतरी म्हणालं, “थांबा, बोलावतो.” मग बराच वेळ काही नाही. पावलं. कडी वाजली. आणि शेवटी एक बारीक आवाज, “हॅलो.”

मी विचारलं, घरात शेवटी कोण जेवतं? “सगळे बरोबरच.” दवाखान्यात जायला कोणाला विचारावं लागतं? “नाही, तसं काही नाही.” कोणी हात उगारतं का? “छे. सगळं चांगलं आहे.”

फॉर्मवर याच्या अगदी उलट लिहिलेलं होतं. मी पुढचा नंबर फिरवला. तिथेही तेच. सगळं चांगलं आहे. आमच्या कार्यालयाची मुलगी आली होती का, विचारलं तर, “आठवत नाही.” सात फॉर्म असे निघाले. बाकीच्यांनी जी उत्तरं आणली होती ती फोनवर जुळत होती. फक्त सिंधूचीच जुळत नव्हती.

आज हे लिहिताना मला त्या सात फॉर्मांवरचे नंबर डोळ्यांसमोर दिसतात. प्रत्येक नंबरापुढे सिंधूने आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, पी.पी. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगतो. फोन एखाद्याच घरी असायचा आणि तो सगळ्या गल्लीचा असायचा. ज्यांच्याकडे फोन नाही ते लग्नाच्या पत्रिकेवर, अर्जावर, कुठेही शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे पी.पी. लिहायचे. म्हणजे फोन शेजारी आहे, हाक मारून बोलावून देतील. आम्ही सगळेच ती अक्षरं रोज वाचायचो, त्यात विशेष काही दिसायचं नाही. मलाही दिसलं नाही. मी त्या आवाजांभोवती इतकी घरं बांधली, पण ती बाई दुसऱ्याच्या घरात उभी आहे हे माझ्या मनात आलं नाही.

मी सिंधूला बोलावलं. त्याच दिवशी तिचे वडील, आबा, धुळ्याहून तिला चार दिवसांसाठी घरी न्यायला आले होते. पांढरी टोपी, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. ते दाराशी बाकावर बसले होते. मी त्यांना बाहेर थांबा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

“हे फॉर्म तू घरी बसून भरलेस,” मी म्हणालो.

तिने सातही फॉर्म हातात घेतले, चाळले. “नाही भाऊ. मी गेले होते. एकीकडे तर चार वेळा गेले.”

“मी स्वतः विचारलंय त्या बायांना. फोनवर.”

“कुठून बोलल्या त्या?”

“कुठून म्हणजे?”

“भाऊ, तुम्ही माझ्याबरोबर चला. आत्ता चला. ओट्यावर विचारा.”

ती मला सरळ सांगत होती. मला फक्त एवढंच ऐकू आलं की एक मुलगी माझ्या पद्धतीला खोटं म्हणते आहे. मी तिच्याशी बोलणंच थांबवलं आणि आबांकडे वळलो. म्हणालो, “बाबा, तुमच्या मुलीने खोटं काम केलंय. बायांच्या नावावर नाही नाही ते मनाने लिहिलंय. आम्हाला ठेवता येणार नाही.”

आबा उठून उभे राहिले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मला हात जोडले. “साहेब, पोरनी चूक व्हयनी व्हई ते पदरमा ल्या.” पोरीची चूक झाली असेल तर पदरात घ्या, असं ते विनवत होते.

सिंधू म्हणाली, “आबा, हात खाली करा.” त्यांनी केले नाहीत. मला अजून ते हात दिसतात. नखांत माती होती.

ती गेली. तिचे फॉर्म मी बाद केले. त्या वस्तीचा त्रास कागदावरून पुसला गेला आणि डॉक्टरीणबाई दुसऱ्या वस्तीत बसू लागल्या. वर्षभराने धुळ्याच्या एका पाहणीवाल्यांनी मला पत्र पाठवून विचारलं, ही मुलगी तुमच्याकडे होती, कशी आहे? मी एक ओळ लिहून पाठवली. ती ओळ इथे लिहवत नाही.

पाच-सहा वर्षं गेली. रंगीत फोन आले, बटणांचे आले. एकदा कुठल्याशा टी.व्ही.च्या पाहणीसाठी मी एका वकिलांच्या घरी बसलो होतो. फोन वाजला. वकीलबाईंनी उचलला, मग खिडकीतून हाक मारली, “ए वंदना, तुझ्या भावाचा फोन!” शेजारची सून पदर सावरत, पिठाचा हात तसाच घेऊन आत आली. आणि मग जे झालं ते मी स्वप्नात पाहावं तसं पाहिलं. सगळं अगदी हळूहळू. वकीलसाहेबांनी टी.व्ही.चा आवाज कमी केला. आजीबाईंची जपमाळ थांबली. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं आणि सगळी खोली कान होऊन बसली. त्या मुलीने भिंतीकडे तोंड केलं.

“हो. बरं आहे. नाही, काही नाही. सगळं चांगलं आहे.”

भावाने काय विचारलं ते तिच्या एकटीच्या कानात गेलं होतं. खोलीत पडत होतं ते फक्त तिचं उत्तर. रिसीव्हर ठेवताना तिचे डोळे भरलेले होते. आजीबाई म्हणाल्या, “बस गं, पाणी पी.” ती “भाकरी करपेल” म्हणून गेली.

मी प्रश्न अर्धे टाकून उठलो. कार्यालयात आलो, माळ्यावरून जुने गठ्ठे काढले. बाद केलेले फॉर्म बांधून ठेवलेले असतात. सातही फॉर्मांवर पी.पी. होतं. मग पडताळणीची जुनी वही पाहिली. जे बाकीच्यांचे जुळले होते त्यांतले बहुतेक स्वतःच्या फोनचे होते. आणि पी.पी.चे जे जुळले होते ते आधीपासूनच ‘सगळं चांगलं आहे’वाले. म्हणजे सासू समोर असताना भरलेले.

तरी खात्री करायची म्हणून मी डाळ मिलच्या मागे गेलो. हरभऱ्याच्या सालीची पिवळी धूळ तिथे सगळ्यावर असते, पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर. त्या धुळीतून चालताना मला वाटत होतं, ते घर सापडू नये. सापडलं. मंगलबाई म्हणून होत्या, सातांपैकी एक. बरोबर माझी बायको होती, मीच तिला ये म्हटलं होतं. मी लांब थांबलो, ती ओट्यावर बसली. थोड्या वेळाने मंगलबाईंनीच मला हाक मारली.

“ते फोनवाले तुम्ही होय? आली होती ना ती बाई. धुळ्याकडची. तांदूळ निवडू लागली होती माझ्यासंगे. सगळं सांगितलं होतं तिला.”

“मग फोनवर नाही का म्हणालात?”

मंगलबाईंनी माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या अडाणी माणसाकडे बघावं. “फोन कोणाच्या घरात? अहो, ते फोनवाले काका आणि माझे सासरे रोज पत्ते खेळतात. तिथे उभी राहून मी ‘हो, मारतो’ म्हणू? म्हटलं असतं तर मी घरी यायच्या आधी ते घरी पोचलं असतं.” मग म्हणाल्या, “ती बाई परत नाही आली. डॉक्टरीणबाई येतील म्हणाली होती.”

बायकोनेच माझा हात धरून मला तिथून हलवलं.

मला कळलं, आणि तरी मी दोन वर्षं काही केलं नाही. हेही कबूल करायला हवं. मी स्वतःला सांगायचो, तिचा पत्ता कुठे आहे. पत्ता होता. तिच्या अर्जावर होता, आणि त्याखाली एक नंबरही होता. एका दुपारी धीर करून तो फिरवला. देवपुरात कुणीतरी उचलला. मी सिंधू बोरसेंचं नाव सांगितलं. “थांबा हां, बोलावते,” बाई म्हणाली. रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग दूर कुठेतरी, “सिंधू... ए सिंधू, जळगावहून फोन...” ती हाक गल्लीतून लांब लांब जात राहिली. एक कोंबडा ओरडला. कोणीतरी भांडं घासत होतं. आणि माझ्या मनात आलं, ती येईल, कोणाच्या तरी भिंतीकडे तोंड करून उभी राहील. मी माफ कर म्हणेन. ती म्हणेल, नाही, काही नाही, सगळं चांगलं आहे. मी सुटेन. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळची धुळ्याची एस.टी. धरली.

एरंडोल, पारोळा करत गाडी चालली होती. कपाशीची शेतं फुटलेली होती, दोन्ही बाजूंना पांढरं पांढरं, जणू रात्रभर कोणी ढग वेचून ठेवले आहेत. मला झोप नव्हती आणि जागही नव्हती. मी आबांना काय म्हणेन, तिला काय म्हणेन, याची वाक्यं तयार करत होतो आणि ती खिडकीतून मागे पडत होती. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात उतरलो.

सिंधू शिलाई करत होती. ओट्यावरच मशीन होतं. तिने मला ओळखलं, पण पाय थांबवला नाही. शिवण संपली तेव्हा मान वर केली.

“या साहेब.”

आधी ती मला भाऊ म्हणायची.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पी.पी., वकिलांचं घर, मंगलबाई. तिने दोरा दाताने तोडला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला हे तेव्हाच माहीत होतं साहेब. तुम्हाला आता कळलं.”

“मी माफी मागायला आलोय.”

“मंगलबाई बऱ्या आहेत?”

“आहेत. तशाच आहेत.”

“माझी माफी नका मागू. ‘खोटं काम’ असं तुम्ही मला सांगितलंच नव्हतं. आबांना सांगितलं होतं. इतकी वर्षं ते मला त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी सांगितलं असतं. मनात काय धरून बसलेत, मला माहीत नाही.” तिने आत बोट दाखवलं. “आत खाटेवर आहेत. कमी ऐकू येतं. मोठ्याने बोलावं लागेल.”

आबा फार वाळले होते. टोपी तीच. सिंधू त्यांच्या कानाशी ओरडली, “आबा, जळगावना साहेब उनात!”

“कोन?”

“साहेब! जळगावना!”

त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले जाऊ लागले. मी ते धरले आणि हळूच म्हणालो, “आबा, चूक झाली.”

“माले आयकू येत नही. जोरमा बोल.”

“चूक झाली, आबा!”

“कोनी चूक?”

बाहेर मशीन थांबलेलं होतं. शेजारच्या दोन बाया ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, समोरच्या घराची खिडकी उघडली होती. सगळी गल्ली ऐकत होती. मी खाटेजवळ खाली बसलो आणि जेवढा आवाज निघेल तेवढा काढला.

“माझी! आबा, तुमची सिंधू घरोघर गेली होती. एकेका घरी चार-चार वेळा गेली होती. तिने लिहिलेला शब्दन्‌शब्द खरा होता. ती मला सांगत होती, मी ऐकलं नाही. खोटं मी बोललो, तुमच्या तोंडावर बोललो. त्या दिवशी हात तुम्ही जोडलेत, ते मी जोडायचे होते. मला माफ करा!”